पोचल्याची तारीख

अण्णा,

काल संस्थेतून शिपाई आला होता. त्यांच्या वार्षिक अंकात तुमच्यावर एक पान द्यायचं ठरलंय आणि ते मी लिहून द्यावं, असा डायरेक्टरसाहेबांचा निरोप. तेच डायरेक्टर, अजून तेच. जन्म, शिक्षण, पदं, मानसन्मान, आणि शेवटी ती भरून न येणारी पोकळी. मी शिपायाला पाणी दिलं आणि म्हटलं, बाईंना बरं नाही म्हणून सांग. खोटं नव्हतं हो ते. तुम्हाला नेलं त्या दिवसापासून अंगात कणकण आहे आणि त्याहून जास्त कंटाळा आहे. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा टेबलावरचा दिवासुद्धा ज्यांनी परत मागून घेतला, त्यांच्याच गुळगुळीत कागदावर आता तुम्ही हसत बसणार. बसा. मी ते पान लिहिणार नाही. हे लिहितेय, आणि हे कुठे द्यायचं ते मला माहीत नाही.

मी पुण्याहून बंगळूरला आले ती यांच्या नोकरीपायी. यांना इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियरची जागा मिळाली, जयनगरच्या नव्या वसाहतीत घर मिळालं, आणि फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली मी दिवसभर खिडकीतून समोरच्या मोकळ्या प्लॉटमधल्या म्हशी बघत बसायची. शेजारच्या बाईंनी सांगितलं, इथल्या संशोधन संस्थेत एक राव आहेत, तुमचीच भाषा बोलतात, विज्ञानाचं एक त्रैमासिक काढतात, त्यांना मदतनीस हवाय. तुमची भाषा माझीच आहे हे मला पहिल्या दिवशी काही पटलं नाही. तुमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले, वाक्यावाक्याला 'बरं'च्या जागी 'सरी' आणि 'जरा'च्या जागी 'स्वल्प', मधेच अख्खं कन्नड वाक्य, आणि पुन्हा मराठीवर यायचं ते असं जुनं मराठी की मला माझ्या पणजीची आठवण व्हावी. मी 'सर' म्हटलं तर तुम्ही हात हलवलात. "इथं सर कोणी नाही अम्मा, सगळे अण्णा म्हणतात." मला आवडलं नव्हतं ते. पुण्यात वरिष्ठाला कुणी अण्णा म्हणत नाही.

मुलाखत अशी घेतलीत की हातात एक छापील लेख ठेवलात आणि म्हणालात, यातलं सगळ्यात महत्त्वाचं काय ते सांगा. मी घाम पुसत सारांश सांगितला, समीकरणं सांगितली, निष्कर्ष सांगितला. तुम्ही मान हलवत होतात. "स्वल्प खाली बघा. अजून खाली." पानाच्या अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. लेख कार्यालयात पोचल्याची तारीख. तुम्ही म्हणालात, "वर आहे ते सगळं लेखकाचं. बरोबर असेल, चूक असेल, त्याचं त्याला माहीत. ही ओळ आपली. तेवढीच आपली." मी घरी येऊन यांना म्हटलं, माणूस सज्जन आहे पण जरा सटकलेला दिसतो.

पुढे कळलं की शास्त्रज्ञांच्या दुनियेत सगळी मारामारी त्या ओळीवर असते. एकच गोष्ट दोघांना सापडली तर जो आधी आला, नाव त्याचं. आणि आधी कोण आला ते ठरवणार तुमचा रबरी शिक्का. म्हणून तुमचा तो नेम. टपाल अकरा वाजता फोडायचं, एकट्याने कधीच नाही. तुम्ही, मी आणि आपला कारकून नंजप्पा, तिघं टेबलाशी असल्याशिवाय पाकिटाला कात्री लागायची नाही, आणि शेवटच्या पाकिटावर शिक्का बसेपर्यंत कॉफीला हात लावायचा नाही. बंगळूरची ती सुरेख कॉफी मी तुमच्यापायी वर्षानुवर्षं गार प्यायले! एक निवृत्त तहसीलदार दर काही महिन्यांनी आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचा शोध पाठवायचे. मी म्हणायची, याला कशाला शिक्का, हे सरळ टोपलीत जायचंय. तुम्ही शाई नीट लावून शिक्का मारायचात आणि म्हणायचात, "वेडा असेल हो. पण त्याचा दिवस त्याचाच आहे की."

दुसरा नेम माझ्या वाट्याला होता. आलेला लेख आपण त्या विषयातल्या जाणकाराकडे परीक्षणाला पाठवायचो आणि परीक्षक कोण ते लेखकाला कळू द्यायचं नाही. परीक्षकाचं मत आलं की ते जसंच्या तसं पुढे पाठवायचं नाही, मी आपल्या मशीनवर ते पुन्हा टाइप करायचं. का, तर कुणाच्या टाइपरायटरचा 'ई' लंगडा आहे हे दक्षिणेतल्या सगळ्या शास्त्रज्ञांना ठाऊक. शिव्या दिलेल्या असल्या तरी मी निमूट टाइप करायची. कधी कधी एखादा शब्द मऊ करायचा मोह व्हायचा. तुम्ही मूळ प्रत शेजारी ठेवून ताडून बघायचात, काय करणार!

त्या टपालातच एक दिवस सरोजा हिरेमठचं पाकीट आलं. धारवाडकडच्या एका लहानशा कॉलेजात शिकवणारी मुलगी, नुकतीच लागलेली. एका मिठाचे खडे तिने स्वतः वाढवले होते आणि तिचं म्हणणं असं की ते तापवत नेले की एका ठरावीक तापमानाला त्यांची वीज वाहून न्यायची ताकद एकदम उडी मारते. कॉलेजात काही सोयी नाहीत हे पानापानावर दिसत होतं. खडे सुकवायला भट्टी नाही म्हणून तिने ते टीपकागदात गुंडाळून गच्चीवर उन्हात वाळवले होते आणि तसं सरळ लिहिलं होतं. किती वेळ, कसे, टीपकागद कितीदा बदलला, सगळं. आलेख मात्र पेन्सिलीचे. आपल्याकडे काळ्या शाईशिवाय छपाईचा ब्लॉक बनत नसे. तुम्ही शिक्का मारलात, मी आलेख तेवढे शाईत काढून पाठवा म्हणून परत धाडले, आणि मजकूर तुम्ही परीक्षकाकडे दिलात. कुणाकडे, ते मला तुम्ही सांगितलं नाहीत. मत टाइप मी करायची, नाव मात्र तुमच्यापाशी, ही आपली पद्धतच होती.

परीक्षक महिनोन्‌महिने गप्प. मी दोनदा स्मरणपत्र टाइप केलं, नावाची जागा तुम्ही भरलीत. मग दोन ओळी आल्या की विषय लक्षवेधी आहे, आणखी प्रयोग हवेत. आणि त्याच आठवड्यात अकराच्या टपालात आपल्याच संस्थेच्या डायरेक्टरांच्या प्रयोगशाळेतून जाडजूड पाकीट आलं. तेच मीठ, तीच उडी. परदेशी यंत्रं, शाईत काढलेले देखणे आलेख, चार नावं, डायरेक्टरांचं पहिलं. संस्थेतून कोणताही पेपर निघाला की डायरेक्टरांचं नाव आधी, हा रिवाज होता. त्यांनी तो खडा डोळ्यांनी पाहिला होता की नाही देव जाणे. तुम्ही उभ्या उभ्या वाचलंत, चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात आणि त्या दिवसाचा शिक्का मारलात. नंजप्पा हळूच म्हणाला, कॉफी गार झाली सार. सरोजाचे शाईतले आलेख त्यानंतर दोन-चार दिवसांनी आले.

मग डायरेक्टरांनी बोलावलं. टिपणं घ्यायला मी बरोबर होते, म्हणून हे मला सांगोवांगी कळलेलं नाही. ते फार गोड बोलायचे. म्हणाले, "राव, त्या मुलीचा लेख नाकारा असं मी म्हणतच नाही. उलट दोन्ही शेजारी शेजारी छापा, तिलाही मान मिळेल. फक्त एवढंच, की तिचा लेख पूर्ण कधी झाला? आलेख आले तेव्हा. तर तारीख त्या दिवसाची पडायला हवी." म्हणजे त्यांच्यानंतरची. तुम्ही म्हणालात, "विचार पेन्सिलीत आला, साहेब. पण आला त्या दिवशी." ते हसले. परदेशी जर्नल्स कशी पूर्ण लेखाचीच तारीख धरतात ते त्यांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, मी दोन्ही तारखा छापतो, लेख आला ती आणि आलेख आले ती, वाचणाऱ्याला ठरवू दे. त्यांना ते नको होतं. मग त्यांनी सहज आठवण करून दिली की जर्नलचा कागद संस्थेचा, छपाई संस्थेच्या खर्चाने, खोलीसुद्धा संस्थेची. चीनची लढाई नुकतीच झाली होती, काटकसरीचं निमित्त आयतंच हाताशी होतं.

आपण गांधी बझारपर्यंत चालत गेलो. तुम्ही बाय-टू कॉफी, एकीच्या दोन, मागवलीत आणि मी तुमच्यावर तुटून पडले. आठवतंय ना? "एक ओळ, अण्णा! भिंग लावल्याशिवाय दिसत नाही अशी एक ओळ! त्यांचं म्हणणं अगदीच काही खोटं नाही, नियम दोन्हीकडून लावता येतो. घाला ना ती नंतरची तारीख. तिचा लेख छापून तर येतोय. जर्नल बंद पडलं तर उद्या तिच्यासारखी शंभर पोरं कुठे जातील?" तुम्ही बशीत कॉफी ओतत म्हणालात, "त्या शंभरांनाही मी अशीच वाकवलेली ओळ देणार ना? मग ती कशाला उपयोगाची?" मला इतका संताप आला! मी म्हटलं, तुम्हाला जर्नल चालवायचं नाहीये, तुम्हाला हुतात्मा व्हायचंय. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "स्वल्प हळू, अम्मा."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. सरोजाचा मजकूर तुम्ही ज्याला परीक्षणाला दिला होता तो डायरेक्टरांच्याच प्रयोगशाळेतला माणूस होता. त्या चार नावांतलं एक. "दुसरं कोण होतं सांगा? या मिठातलं कळणारा उभ्या दक्षिणेत तो एकटा. मला वाटलं, जाणकाराकडे जावं. जो जाणतो तोच त्या वाटेवर पळत असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. इतकी वर्षं हे काम केलं आणि आलंच नाही." मी म्हटलं, मग हा चोर आहे, सांगा की जगाला. तर तुम्ही एकदम ताठ झालात. "तसं म्हणू नका. एक गोष्ट दोघांना सुचू शकते. पुरावा काय आहे तुमच्याकडे?" नव्हता. तुम्ही त्या माणसाचं वाईट बोललातच नाहीत. मला मात्र बोलायचं होतं, चारचौघांत आणि मोठ्याने.

मी म्हटलं, निदान त्या मुलीला तरी कळवू. तुम्ही शपथ घातलीत. ती नवी आहे, आत्ताच हे कळलं तर तिला वाटेल की या धंद्यात सगळे एकाच माळेचे मणी. आणि जर्नल बुडालं तर ते आपल्यापायी बुडालं हे ओझं तिच्या डोक्यावर कशाला? मी शपथ घेतली, रागारागात घेतली, पण घेतली.

अंक निघाला. दोन्ही लेख, आणि सरोजाच्या लेखाखाली दोन तारखा. पुढच्या वर्षी ठराव आला की काटकसरीसाठी त्रैमासिक स्थगित करण्यात येत आहे. स्थगित! मेलेल्या माणसाला विश्रांती घेतोय म्हणायचं. खोलीत डायरेक्टरांच्या विभागाची यंत्रं आली. नंजप्पाला वसतिगृहाच्या हिशेबाला लावलं. तुम्ही थोड्याच काळात निवृत्त झालात. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. ज्यांचे लेख आपल्याकडे पडून होते त्यांना परत पाठवायचं काम आपण दोघांनी तुमच्या चामराजपेठेच्या घरी बसून केलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांचा लेख परत करताना तुम्ही किती वेळ पाकीट हातात धरून बसलात. मी मनात म्हटलंच, की बघा, हा शंभरांतला पहिला.

हे भांडण आपण नंतर किती वेळा केलं! सणाला, वाढदिवसाला, नुसतं जाता येता. तुमच्या मंडळी, सावित्रीअक्का, म्हणायच्या, तुम्हा दोघांना दुसरा विषय नाही का? नव्हता. माझं म्हणणं होतं की माणसाने झाड वाचवावं, एका फांदीसाठी हट्ट धरू नये. तुम्ही म्हणायचात, ही फांदी नाहीच, अम्मा. पुढे काही बोलायचा नाहीत आणि मला ते उत्तरच वाटायचं नाही. खरं सांगू? अजूनही पूर्ण पटलेलं नाही. रात्रंदिवस घासून उभं केलेलं एक जर्नल, त्या काळात दिल्लीखाली तशी किती होती? ते गेलं ते गेलंच. तुमच्या फोटोसमोर हात जोडताना परवासुद्धा माझ्या मनात हेच चाललं होतं. मेलेल्याशी भांडू नये म्हणतात, पण तुम्हीही जिवंतपणी कधी पूर्ण उत्तर दिलं नाहीत ना.

त्यात तो दिवस उजाडला. काही वर्षं मधे गेली होती. संस्थेच्या ग्रंथालयात मी शाळेसाठी काही बघायला गेले आणि तिथं परदेशी जर्नलच्या नव्या अंकात तेच मीठ दिसलं. कुणी तरी ते खडे कोरडे ठणठणीत करून पुन्हा तापवले होते. उडी नाही. उडी मिठाची नव्हतीच, खड्यात अडकून राहिलेल्या ओलीची होती. म्हणजे सरोजाही चूक आणि डायरेक्टरही चूक. मी तशीच बस पकडून तुमच्याकडे आले. तुम्ही ओसरीवर बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होतात, थंडीचे दिवस होते. मी चपलाही काढल्या नाहीत. "घ्या! ज्या ओळीसाठी जर्नल घालवलंत ती ओळच चुकीच्या लेखाखालची निघाली! चूक आधी कोणी केली यावर आपण एवढं रामायण केलं!" तुम्ही आधी हसलात. पोट धरून हसलात, शेंगा सांडल्या. म्हणालात, "परवागिल्ला, हरकत नाही. चूकसुद्धा आधी तिचीच."

मी पण हसले, दुसरं काय करणार. आणि मग तुम्ही हसायचे थांबलात. बराच वेळ एक शेंग नुसतीच बोटांत फिरवत राहिलात. "अम्मा, त्या मुलीकडे भट्टी नव्हती. तिच्या खड्यात ओल राहिली, समजलं. डायरेक्टरांकडे परदेशी भट्टी आहे, मी पाहिलीय. त्यांच्या खड्यात ओल कुठून आली?"

अण्णा, ते मला लगेच कळलं. मी शाळामास्तरीण, हे मला रोज दिसतं. वर्गात दोन मुलींचं उत्तर बरोबर आलं तर मी काही म्हणत नाही. दोघींची चूक एकसारखी आली की एकीला उचलून दुसऱ्या बाकावर बसवते. आपण दोघांनी जुना अंक काढून ताडून पाहिला. त्यांची उडी अगदी तिच्याच जागी. त्यांनी खडे कसे सुकवले ते लिहिलंच नव्हतं, 'नेहमीच्या रीतीने' एवढंच. नेहमीच्या रीतीने भट्टीत घातले असते तर उडी दिसलीच नसती. आधी घातलेही असतील, दिसली नसेल, आणि मग तिच्या लेखात बघून टीपकागदात गुंडाळून उन्हात ठेवले असतील. भट्टी शेजारी असताना!

पुरावा मिळाला होता हो. तुम्हीच मागितला होतात ना, गांधी बझारात? मी म्हटलं, लिहा आता. तुम्ही म्हणालात, कुठं? आपलं जर्नल नाही. बाकीच्यांच्या मंडळांवर तेच बसलेत. आणि लिहायचं झालं तर पहिलं वाक्य असं येणार की सरोजा हिरेमठ चुकली. "होगली, अम्मा. सोडा." मी ओरडले तुमच्यावर. सावित्रीअक्का आतून धावत आल्या. तुम्ही नुसते सांडलेल्या शेंगा गोळा करत राहिलात आणि मला तुमची पाठ दिसली, किती वाकली होती. मग मी पण खाली बसून शेंगा वेचल्या. त्यानंतर तो विषय आपण काढला नाही.

तुम्ही फार दिवस अंथरुणावर राहिला नाहीत, तेवढं बरं झालं. शेवटच्या आठवड्यात मी आले होते तेव्हा तुम्हाला बोलवत नव्हतं. मला विचारायचं होतं की शपथ अजून आहे का. पण अशा वेळी असं कुणी विचारतं का? मी तुमच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं आणि शाळेतल्या गमती सांगत बसले. तुम्ही डोळ्यांनी हसलात एकदा. तेवढंच माझ्या वाट्याला आलं, आणि ते पुष्कळ आहे.

तेराव्याला ती आली. मी ओळखलं नाही. तिला आपण दोघांनी कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं अक्षर ओळखत होतो. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी, कानाजवळ दोन-चार केस पांढरे. सावित्रीअक्कांच्या पाया पडून म्हणाली, मी सरोजा हिरेमठ, धारवाडहून आले. आत पंगत बसत होती. मी तिला मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडाशी नेलं. ती तिकडची, मराठी छान येतं तिला. म्हणाली, "मी यायलाच नको होतं खरं तर. सरांना तोंड दाखवायची लाज वाटत होती इतकी वर्षं. एवढा मोठा चुकीचा लेख माझा, तो सरांनी छापला. त्यांचं केवढं नाव खराब झालं असेल. जर्नल त्याच्यामुळंच गेलं असं आमच्याकडं म्हणतात. त्यानंतर मी काही केलं नाही. नुसतं शिकवते. खडे वाढवायची भांडी पण देऊन टाकली."

ऐकलंत? तिच्या डोक्यावर ओझं नको म्हणून तुम्ही मला शपथ घातलीत आणि ती पोरगी त्याच्या दुप्पट ओझं घेऊन बसली होती, तेही खोटं! मला तुमचा इतका राग आला, अण्णा, इतका राग आला की तुमच्या तेराव्याच्या दिवशी तुम्हाला चांगलं सुनवावंसं वाटलं. अक्का आतून हाक मारत होत्या, पान वाढलंय म्हणून. मी म्हटलं, आम्ही येतो, तुम्ही सुरू करा. आणि तिला सगळं सांगितलं. पेन्सिलीचे आलेख, परीक्षक कोण, दोन तारखा, गांधी बझार, जर्नल का गेलं, सगळं. आणि शेवटी ती भट्टी.

मला वाटलं, आता रडणार, नाहीतर चिडणार, आणि दोन्ही तिला शोभलं असतं. ती दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "त्यांनी पण टीपकागदात वाळवले?"

"वाळवलेच असणार. त्याशिवाय होत नाही."

"आणि उडी माझ्याच जागी आली?"

"तिथंच. एका अंशाचाही फरक नाही."

आणि मग तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता यायचं नाही. हसू होतं, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पदर तोंडाशी धरून. म्हणाली, "म्हणजे बाई, कृती मी नीट लिहिली होती. दुसऱ्याला हुबेहूब करता आली."

मी शपथ मोडली. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, मी ऐकून घेईन. पण अण्णा, हे वाक्य ऐकायला तुम्ही हवे होतात हो.